भेडाघाटपर्यंत, शेवटून पहिली

नर्मदा आली हे मला माणसांवरून कळलं. पुण्याहून निघालेली गाडी रात्रभर धावून जबलपूरच्या जवळ पोहोचली होती. समोरच्या बाकावर शाल गुरफटून झोपलेले गृहस्थ एकदम उठून बसले, त्यांनी खिडकीची काच वर सरकवली, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "नर्मदे हर!" डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच घोष उठला. जानेवारीचा बोचरा वारा आत घुसला. खाली धुक्यात रुंद, शांत पाणी दिसलं आणि लगेच दिसेनासं झालं. मी सांगलीची, कृष्णाकाठी वाढलेली. नदीचं कौतुक मला नवं नाही. पण नदी आली म्हणून अख्खा डबा जागा होताना मी पहिल्यांदाच पाहिला आणि आपण योग्य गावाला चाललो आहोत असं उगाचच वाटून गेलं.

मी जबलपूरला निघाले होते पळायला. खरं म्हणजे पळवायला. सांगलीत मी औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात शिकवते आणि रविवारी पहाटे हौशी मंडळींना पळायचं कसं ते शिकवते. फी नाही, पगार नाही, हौसेचा मामला. असेच हौशी प्रशिक्षक एकदा नागपूरच्या शिबिरात जमले होते. तिथे जबलपूरच्या वसुधाताई केकरे भेटल्या आणि आमचं मैत्र जमलं. या वर्षी त्यांचा फोन आला. "सुनंदा, आमच्याकडे डझनभर घोडे आहेत आणि सारथी मी एकटी. शर्यत तोंडावर आलीये. रजा टाक आणि ये."

मी रजा टाकली आणि आले.

स्टेशनवर वसुधाताई ट्रॅकसूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या होत्या. शाळेत व्यायामशिक्षिका म्हणून जन्म काढून निवृत्त झालेल्या. साठी उलटली तरी पाठ ताठ. नागपूरच्या भोसल्यांच्या चाकरीत त्यांचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांचं मराठी शुद्ध, पण मध्येच हिंदीची एखादी पायरी लागते आणि त्या सहज उतरून परत वर येतात.

"आधी चहा?" मी आशेने विचारलं.

"अच्छा, चहा? पळून झाल्यावर. चलो, बस मागे." माझी बॅग त्यांनी स्कूटरवर पायापाशी कोंबली आणि आम्ही थेट सदरला गेलो.

सदर म्हणजे छावणीचा भाग. रुंद, स्वच्छ रस्ते, दोन्हीकडे जुनी झाडं, आणि दुकानं अजून बंद. फौजी कुटुंबातल्या बायका कुत्री फिरवत होत्या. एका झाडाखाली वसुधाताईंचे "घोडे" हातावर हात चोळत उभे होते. कोणी बँकेतला, कोणी कॉलेजातली, एक दातांचे डॉक्टर, एक सराफ्यातले सोनार. सगळ्यांच्या अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट आणि त्यावर ज्याच्या त्याच्या घरचे स्वेटर.

या मंडळींचा बेत असा होता. रविवारी सदरहून भेडाघाटपर्यंत अर्धी मॅरेथॉन होती, म्हणजे एकवीस किलोमीटर. ती पळायची आणि ओळखीपाळखीच्या लोकांकडून देणग्या जमवायच्या, त्यातून एक गाडी घ्यायची. आसपासच्या खेड्यांतल्या ज्या रुग्णांना डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा शहरात यावं लागतं, त्यांना आणण्या-पोहोचवण्यासाठी. देणगीदारांपैकी बऱ्याच जणांनी "पूर्ण पळालात तर देऊ" असं हसत हसत सांगितलं होतं. ते हसत असले तरी आमच्या मंडळींनी ते फार मनावर घेतलं होतं.

वसुधाताईंनी शिट्टी मारली आणि घोडे सुटले. मीही सुटले. रात्रभर गाडीत आखडलेलं अंग थंडीत मोकळं झालं आणि मी सहज पुढच्या टोळक्यात जाऊन मिळाले. परत आलो तर वसुधाताई रस्त्याकडेच बघत उभ्या. "चला, पोहे," मी म्हणाले.

"अजून एक यायचीये."

धुक्यातून ती एक आली. ठेंगणी, भरल्या अंगाची बाई, डोक्याला मफलर, पावलं लहान आणि चेहरा असा गंभीर की परीक्षेच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहीत असावी. ती पोहोचेपर्यंत एकही जण हलला नाही. "आमच्याकडे शेवटचा आल्याशिवाय कोणी खात नाही," वसुधाताई म्हणाल्या. "त्यामुळे सगळे मिळून तिच्या नावाने टाळ्या वाजवतात. पोटासाठी का होईना."

ही सुषमा भगत. सरकारी कारखान्यात हिशेबाच्या खात्यात नोकरी. माहेर वर्धेकडचं, सासर पिढ्यान्पिढ्या जबलपुरातल्याच घमापुरात. श्वास जागेवर आल्यावर तिने मला विचारलं, "तुम्हीच काय सांगलीच्या ताई? लय जोरात पळता जी. मी तर पळून राहिली का चालून राहिली, मलेच समजत नाही."

सदरच्या टपरीवर पोहे-जिलबी खाताना वसुधाताईंनी मला बाजूला घेतलं. जबलपुरात ही न्याहारी जोडीनेच येते. पोह्यांवर शेव आणि शेजारी गरम जिलबी. "तुझं काम सुषमा," त्या म्हणाल्या. "रस्ता नऊपर्यंतच बंद ठेवणार आहेत. सध्या मटारचा हंगाम आहे. शहापुऱ्याकडून मंडईत येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. नऊला रस्ता मोकळा करून देण्याचा शब्द मी स्वतः ठाण्यात जाऊन दिलाय. आणि सुषमा नऊच्या आत पोहोचेल की नाही, मला खात्री नाही. रविवारी तू तिच्याबरोबर पळ."

"तिला कमी अंतराच्या शर्यतीत का नाही घातलं?"

"सांगून बघ तिला."

मी सांगून बघितलं. सुषमाने जिलबीचा तुकडा तोंडात टाकला आणि फक्त मान हलवली. आडवी.

पुढचे दिवस उत्साहात गेले. पहाटे सदर, दुपारी मी एकटी गाव बघत हिंडायची. मदनमहालच्या टेकडीवर एक भला थोरला खडक दुसऱ्या खडकावर नुसता टेकून उभा आहे. कधी पडेल असं वाटतं आणि पडत नाही. सराफ्याच्या गल्लीत रिक्षात बसून शिरण्याचा अगोचरपणा केला. समोरून नंदी आला, मागून हातगाडी. शेवटी रिक्षावालाच म्हणाला, "दीदी, पैदल जल्दी पहुँचोगी." सोनाराच्या दुकानांसमोर मंगोडे (मूगडाळीची गरम भजी) तळत होते. दोन खाल्ले, मग आणखी दोन. जबलपूरच्या थंडीत माझी भूक काय सांगावी.

पहाटेचा वेळ मात्र पूर्ण सुषमाचा. पळता पळता एक अख्खं वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे, हा आमच्याकडचा साधा नियम. वाक्य तुटलं की वेग कमी करायचा. मी तिला वाक्यं बोलायला लावायची. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आज भाजीत… मीठ… जास्त…" आणि थांबली. चौथ्या दिवशी तिने कारखान्यातल्या साहेबांची पूर्ण कुंडली मांडली, तीही चढावर. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. मी दोन पावलं पुढे गेले की ती लगेच धडपडत गाठायची, मागे राहिले की वळून बघायची. सोबत कोणी नसलं की तिचे पाय बावरायचे.

शुक्रवारी तिने घरी जेवायला बोलावलं. घमापूर म्हणजे गजबज. लोखंडी सामान, भाजी, शिंपी, पिठाची गिरणी, सगळं एकाच गल्लीत. वरच्या मजल्यावर दोन खोल्या. दारात तिचे यजमान प्रकाशराव स्वागताला उभे होते. बारीक झालेला उंच माणूस, डाव्या हाताच्या नसा सुया टोचून फुगलेल्या. तेव्हा मला कळलं. सुषमाने इतक्या दिवसांत एका शब्दाने सांगितलं नव्हतं. प्रकाशराव स्वतः आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात.

"या ताई, या. आमच्या घरात पळणारा मी होतो," ते म्हणाले. तरुणपणी ते हॉकी खेळायचे, मैदानाच्या उजव्या कडेने चेंडू घेऊन धावणारे. "आता पाहा, खुर्ची मले भेटली आन् रस्ता हिला."

जेवायला गक्कड-भर्ता होता. गक्कड म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे. तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भरिताबरोबर खायचे. प्रकाशरावांच्या ताटात वेगळं, अळणी. मुलगी केतकी वाढत होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. "आंटी, एक और लीजिए ना," म्हणत तिने माझं पान तीनदा भरलं.

मी भीतभीतच विचारलं, "सुषमा, हे तू सांगितलं का नाहीस?"

प्रकाशराव म्हणाले, "मीच नाही म्हटलं. वसुधाताई म्हणे, पत्रकावर फोटो लावू. म्हटलं, बिलकुल नाही. लोक म्हणतील, नवऱ्यासाठी पळून राहिली बिचारी. मी काय मेलो काय?"

"तुमच्यासाठी काहून पळू?" सुषमा उसळली. "तुम्ही तर ऑटोत बसून दहा मिनिटांत पोहोचता. मी त्या धनीरामसाठी पळून राहिली."

धनीराम हा कुंडमच्या बाजूचा शेतकरी. डायलिसिसला प्रकाशरावांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. गावाहून दोन बस बदलून यायचा. पहिली चुकली की दुसरी गेलीच. पावसाळ्यात त्याच्या लागोपाठ पाळ्या चुकल्या. "आला तेव्हा चेहरा असा सुजला होता, ताई, का मी ओळखलाच नाही," प्रकाशराव म्हणाले. "मले म्हणते कसा, भैया, आपका घर पास है, आप भाग्यवान हो. मले! भाग्यवान!"

सुषमा तुपाची वाटी घेऊन उठली आणि म्हणाली, "तूप घ्या ताई. रविवारी लागते."

शनिवारी संध्याकाळी पळणाऱ्यांनी काय खायचं हे मी सांगलीत दर वर्षी घसा कोरडा करून सांगते. साधा भात, वरण, लवकर झोप. हे सगळं मी जबलपूरच्या मंडळींनाही सांगितलं आणि वसुधाताईंबरोबर बाजारात गेले. तिथे खव्याची जिलबी तळत होते. आपल्या जिलबीसारखी कुरकुरीत नाही ती. काळसर, जाड, मऊ, पाकाने जड झालेली. वसुधाताई म्हणाल्या, "आज नको. रविवारी रात्री खा." मी म्हटलं, एकच. एक खाल्ली. मग अशी चव पुन्हा कधी मिळणार म्हणून दुसरी. तिसरीच्या वेळी वसुधाताई दुसरीकडे बघत होत्या.

रविवारी उजाडायच्या आत सदरला मेळा भरला होता. गल्लीगल्लीतून पिवळे, निळे, नारिंगी टी-शर्ट येत होते. ध्वनिक्षेपकावर कोणीतरी हिंदीतून आम्हाला शूर म्हणत होतं. सुषमाचा हात मी हातात घेतला तर बर्फ. "ताई, तुम्ही सोडून नका जाऊ हं," ती म्हणाली. "अजिबात नाही," मी म्हटलं. "नर्मदे हर!" असा गजर झाला आणि माणसांची लाट निघाली.

काय सुरेख पळालो आम्ही! जबलपुरातल्याच गोरखपूर पेठेच्या बाजारातून जाताना दुकानदार शटर अर्धं उघडून टाळ्या वाजवत होते. एका घराच्या गच्चीवरून आजीबाई ओरडल्या, "धीरे चलो, बहनजी, गिर जाओगी!" सुषमा हसली आणि वाक्य न तोडता म्हणाली, "ह्यांच्याकडे लक्ष देऊ नका ताई, ह्या रोज भाजीवाल्यालाही असंच सांगत असतील." मेडिकल कॉलेजचा चढ आम्ही ठरल्याप्रमाणे आखूड पावलांनी चढलो. वर पोहोचलो तेव्हा डावीकडून ऊन आलं आणि रस्त्यावरचं धुकं सोनेरी झालं. आपण वेळेत पोहोचणार, असं मला वाटू लागलं.

आणि पोटात पहिली कळ आली.

खव्याच्या जिलब्या किती निर्दय असू शकतात हे इथे विस्ताराने लिहीत नाही. एवढंच सांगते, रस्त्याकडेच्या पेट्रोल पंपावरच्या माणसाने माझा चेहरा बघून न विचारता उजवीकडे बोट दाखवलं. बाहेर आले तर सुषमा पंपाच्या खांबाला टेकून उभी होती. तिच्या मागून येणारे लोक केव्हाच पुढे गेले होते.

"थांबलीस कशाला?" मी ओरडले.

"तुम्हाला टाकून कशी जाऊ?"

मी दोन पावलं पळून पाहिलं. पुन्हा कळ. मी तिथेच उकिडवी बसले. "सुषमा, मला नाही जमत. तू जा."

"मी एकटी?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतक्या लांब एकटी मी कधी पळाली नाही, ताई. मले नाही होणार."

मी एवढंच म्हटलं, "धनीराम दोन बस बदलून एकटाच येतो ना? मग जा."

तिने मफलर काढून माझ्या गळ्यात घातला आणि वळली. पहिली काही पावलं तिने दोनदा मागे बघितलं. मग नाही बघितलं.

मी पंपाच्या पायरीवर बसले होते तेवढ्यात एक ऑटो कच्चकन थांबली. मागच्या सीटवर प्रकाशराव! त्यांना केतकीने आणि मुन्ना नावाच्या त्यांच्या नेहमीच्या ऑटोवाल्याने भेडाघाटला नेऊन बसवायचं ठरलं होतं. केतकी मोटारसायकलवर मैत्रिणीबरोबर पुढे गेली होती आणि या दोघांनी परस्पर बेत बदलून शर्यतीच्या मागून यायचं ठरवलं होतं. "ताई! तुम्ही इथे? अन् ती कुठे आहे?"

"पुढे. एकटी."

"एकटी?" प्रकाशराव माझ्याकडे बघतच राहिले. मग सरकून जागा केली. "बसा. आज दोन पेशंट एका गाडीत."

त्यांनी पिशवीतून मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली काढून मला दिली. सुषमासाठी भरून घेतली होती. मी संकोचले, डायलिसिसवाल्यांना पाणी मोजूनमापून प्यावं लागतं हे मला ठाऊक होतं. "प्या हो," ते म्हणाले. "माझ्या वाटचंही प्या." मी एक घोट घेतला. ते बाहेर बघत म्हणाले, "घरी ती माझ्यासमोर पाणी पीत नाही. आत जाऊन पिते. मले समजत नाही असं वाटते तिला. उन्हाळ्यातसुद्धा. किती वर्षं झाली, माझ्यासमोर तिने घोटभर पाणी घेतलं नाही."

मी बाटली खाली ठेवली.

धुकं विरलं तसा लांबवर पिवळा ठिपका दिसला. तीच होती. लहान पावलं, एका लयीत, खांदे सैल. मी शिकवलं त्यापेक्षा चांगली पळत होती ती. तिच्या मागून वसुधाताईंचा टेम्पो हळूहळू चालला होता. जे दमतील त्यांना उचलून घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं; पंपापाशी मी त्यांना हातानेच सुषमाच्या मागे पिटाळलं होतं. रस्त्यावर आता सुषमाखेरीज कोणी पळणारं उरलं नव्हतं.

"अरे भगाओ, मुन्ना!" प्रकाशराव पुढे झुकले. "सुषमाऽ! कडेने घे! उजव्या कडेने!" मैदानावरचा जुना आवाज अचानक त्यांच्या घशातून बाहेर पडला आणि ते खोकू लागले. तिने वळून न बघता हात वर केला.

आणि नऊ वाजले. लांबून पोलिसांची शिट्टी ऐकू आली. समोरच्या वळणावरून मटारच्या पोत्यांनी शिगोशीग भरलेली पहिली ट्रॉली आली, मागे दुसरी, मागे रांगच रांग. तासन्‌तास अडवून धरलेली माणसं ती. हॉर्नचा नुसता कल्ला. टेम्पो थांबला. आमची ऑटो त्याच्या मागे अडकली. सुषमाही थांबली होती. भेडाघाटचा फाटा तिथून जवळच होता, पण रस्ता आता तिचा नव्हता.

वसुधाताई खाली उतरल्या. मी ऑटोतून उतरून त्यांच्यापर्यंत गेले.

"सुषमा, नऊ वाजले," वसुधाताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. "रस्ता सोडायचा मी शब्द दिलाय."

"मग?" सुषमाचा आवाज कापत होता. "बसू काय टेम्पोत?"

वसुधाताईंनी ट्रॉल्यांकडे पाहिलं. मग रस्त्याच्या कडेला, शेताला लागून गेलेल्या मातीच्या पट्ट्याकडे पाहिलं. खड्डे, दगड, दवाने भिजलेलं गवत.

"शब्द डांबराचा दिलाय," त्या म्हणाल्या. "मातीचा नाही दिला. चलो बेटा, खाली उतर."

आणि स्वतःच आधी खाली उतरल्या. शिट्टी तोंडात धरून ही साठी उलटलेली बाई मातीतून पळू लागली, आणि तिच्या मागून सुषमा. एका ट्रॉलीवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "दीदी, कहाँ तक?" वसुधाताईंनी शिट्टी न काढताच पुढे हात केला. "भेडाघाट!" सुषमा ओरडली. एका दमात, न अडखळता.

"तो रुकना मत!" त्याने ट्रॉलीचा वेग कमी केला आणि मागच्याला हाताने थांबवलं. मग मागच्याने त्याच्या मागच्याला. हॉर्नचा सूर पाहता पाहता बदलला. चिडलेल्या हॉर्नची वरात झाली. पोत्यांवर बसलेल्या बायका हात हलवू लागल्या. कोणीतरी मूठभर शेंगा फेकल्या त्या सुषमाच्या खांद्यावर पडल्या. ती हसत होती. हसत हसत पळत होती.

त्या गोंधळात मुन्नाने ऑटो एका शेताच्या वाटेने काढली आणि धक्के खात आम्ही फाट्यावरच्या, शर्यत संपायच्या मैदानात तिच्या आधी पोहोचलो. तिथलं दृश्य बघून माझा चेहराच उतरला. आयोजकांनी शेवटच्या रेषेवरची हवा भरलेली कमान उतरवली होती. ती जमिनीवर लोळागोळा होऊन पडली होती. मंडपाच्या दोऱ्या सोडत होते. पण आमची पिवळी मंडळी सगळी तिथेच! दातांचे डॉक्टर, सोनार, कॉलेजातली पोर, केतकी. कधीचे पळून झालेले, थंडीत कुडकुडत उभे. पोहे समोर निवत होते आणि कोणी हात लावला नव्हता. आम्ही ओरडलो, "आली, आली!" तशी त्यांनी समोरासमोर दोन रांगा केल्या आणि हात वर जुळवून आपलीच कमान केली. केतकीने फोनवर व्हिडिओ लावून सुषमाच्या कारखान्यातल्या बायकांना जोडून घेतलं होतं. त्या फोनमधून ओरडत होत्या.

प्रकाशराव मुन्नाच्या खांद्यावर हात ठेवून कमानीच्या पलीकडे उभे राहिले.

ती आली. पायाला चिखल, केसांत मटारचा वेल. कमानीत शिरण्याआधी वसुधाताई बाजूला झाल्या आणि तिला एकटीला पुढे जाऊ दिलं. हातांच्या त्या बोगद्यातून सुषमा बाहेर पडली, चार पावलं पुढे गेली आणि प्रकाशरावांसमोर येऊन थांबली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तिला धाप लागली होती. तिने सवयीने इकडेतिकडे, आडोसा शोधल्यासारखं पाहिलं.

प्रकाशरावांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि तिच्या हातात दिली.

"पी," ते म्हणाले. "इथेच पी. माझ्यासमोर पी."

ती नाही म्हणाली. त्यांनी बाटली तिच्या ओठांशी नेली. मग ती घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून टी-शर्टवर ओघळत होतं, डोळ्यांतून वेगळंच वाहत होतं आणि प्रकाशराव तहान भागल्यासारखे तिच्याकडे बघत होते. वसुधाताईंनी शिट्टी मारली आणि त्या म्हणाल्या, "चलो, आता खा सगळे!"

वेळ संपल्यावर आली म्हणून सुषमाचं नाव निकालात नव्हतं. पण पूर्ण पळाली तर देणगी देऊ म्हणणाऱ्या कारखान्याच्या मंडळींनी निकाल मागितलाच नाही; त्यांनी सगळं फोनवर डोळ्यांनी पाहिलं होतं. दुपारी आम्ही सगळे धुआंधारला गेलो. नर्मदा तिथे संगमरवराच्या कड्यावरून अशी कोसळते की पाण्याचा धूर होतो. समोरचा माणूस दिसत नाही आणि बोललेलं ऐकू येत नाही. मी दही-भात खाऊन कठड्याला टेकून बसले होते. सुषमा लंगडत आली, शेजारी बसली आणि माझ्या कानाशी काहीतरी ओरडली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी मान डोलावली. तिनेही डोलावली.

परतीच्या गाडीत मी पाय लांब करून विचार करत होते. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की सोबत माणूस असला की अंतर कमी होतं. ते खरंच आहे. पण सोबतीने आपल्याला कुठवर न्यावं आणि कुठे हात सोडावा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. वसुधाताईंना ते ठाऊक आहे. कमानीच्या तोंडाशी त्या बाजूला झाल्या, ते मी पाहिलं. माझ्याकडून ते घडलं ते निव्वळ पोटामुळे. तरी घडलं, याचा मला आनंद होता.

होळीच्या सुमारास वसुधाताईंचा फोन आला: गाडी आली, कुंडमकडे पहिली फेरी झाली, धनीराम चालकाच्या शेजारच्या सीटवर बसून आला आणि वाटेतल्या प्रत्येक वळणावर त्याला रस्ता सांगत होता. मी सांगलीत कृष्णेच्या घाटावर आमच्या पळणाऱ्यांबरोबर उभी होते; सगळ्यांना ओरडून सांगितलं.

त्यानंतर काही दिवसांनी, एका साध्या मंगळवारी पहाटे सुषमाचा फोन. मी घाबरूनच उचलला. पलीकडे वाऱ्याचा आवाज, पावलांचा आवाज.

"ताई, काही नाही. झोपल्या होत्या काय? मी सदरला आहे. पळून राहिली."

"आज? आज कोण आहे बरोबर?"

"कोणीच नाही."

"पुढची शर्यत ठरली का?"

"नाही जी."

"मग काहून?" तिची बोली माझ्या तोंडात कधी आली कळलं नाही.

ती हसली. पावलं थांबली नाहीत.

"असंच," ती म्हणाली. पूर्ण वाक्य होतं ते.